भट्टी बंद ठेवून

“बाबांनी घराबाहेर काढलं, म्हणून माझ्या लॅबमध्ये येऊन भांडणार का?” ताई स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली.

“काढलं नाही, मीच निघालो. मी शाळा सोडल्यापासून बाबांचं रोज तेच, ‘हा पहिल्यापासूनच वाया गेलेला’.”

तिचं लक्ष नव्हतं. पापणी लवायच्या आत संपणारे रेणूंचे तुकडे पकडणं हे तिचं काम. भट्टीत गॅस तापवून रेणू तोडायचा, मग मशीन तुकड्यांवर इलेक्ट्रॉन मारून त्यांचं वजन सांगतं. आज तिने भट्टी बंद ठेवून पाहिलं, तरी वर्षभर दिसत आलेला तुकडा स्क्रीनवर तसाच.

“गेलं सगळं वर्ष पाण्यात.”

“का? सापडला की.”

“भट्टी बंद आहे, दगडा. रेणू धडधाकटच येत होता. मशीनच्या माराने फुटत होता, आणि मी समजत होते तुटूनच आला.”

तिने मार कमी केला. तुकडा गायब, रेणू अख्खा.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोन लावला.

“बाबा, तुम्ही ओरडायला लागायच्या आधी हा कसा होता हो?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. त्याला तासभर झाला; आता निघतो, बाबा मला न्यायला खाली येऊन थांबलेत.