चढावरची व्युत्पत्ती

द्राक्षमळ्याच्या चढावर उल्हासराव अचानक थांबले आणि म्हणाले, "एक मिनिट. या शब्दाची व्युत्पत्ती काय?"

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावचा रविवारचा धावगटही मग थांबला. शब्द होता 'फार्टलेक'. स्वीडिश प्रशिक्षक इंग्रिडने आजच्या व्यायामाचं ते नाव सांगितलं होतं. वाटेल तेव्हा पळायचं, वाटेल तेव्हा चालायचं.

सुनेने, ऊर्मिलाने, प्रश्न जर्मनमध्ये विचारला. मनोरमाबाई सगळ्यांच्या मागून येत होत्या. त्यांनी आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे पडले होते. दिवाळीत हृदयात स्टेंट बसवलेला माणूस, पण चारचौघांत 'दमलो' म्हणेल तर शपथ! दम लागला की त्यांना व्युत्पत्ती सुचायची. संस्कृतच्या निवृत्त मास्तरांना ते सोपंच होतं.

"फार्ट म्हणजे प्रवास ना? बसवाला 'गुटे फार्ट' म्हणतो तो?" उल्हासरावांनी विचारलं.

इंग्रिड खुलली. ऊर्मिला तिचं बोलणं भराभर मराठीत सांगत गेली, "शब्द तोच, बाबा. पण स्वीडनला जाऊन त्याचा अर्थ झाला वेग. आणि लेक म्हणजे खेळ. वेगाचा खेळ. आल्झो, चला, आता वरच्या झोपडीपर्यंत पळायचंय!"

उल्हासरावांनी मान हलवली, पाऊल काही उचललं नाही.

"थांब गं," मागून मनोरमाबाई म्हणाल्या. "खेळच का? व्यायाम का नाही म्हणत?"

ऊर्मिला बघतच राहिली. घरी 'पुरे तुमचं शब्दपुराण' म्हणणाऱ्या त्या सासूबाई याच का? तिने विचारून सांगितलं, "ती म्हणते, यात शिट्टी नाही, घड्याळ नाही, कुणाची सक्ती नाही. म्हणून खेळ."

"मग मधेच बसलं तर चालतं?"

ऊर्मिलाने विचारताच इंग्रिड हसली. "या, या!" म्हणजे जर्मनमध्ये हो, हो.

मनोरमाबाईंनी ओढणी सावरली आणि तिथेच गवतात बसकण मारली. "तुम्ही व्हा पुढे. अहो, तुम्ही जरा थांबा. मला काही नीट कळलं नाही."

गट पळत वर गेला. उल्हासराव हळूच त्यांच्या शेजारी टेकले. त्यांचा जोरजोरात चाललेला श्वास ऐकू येत होता. तो संथ झाला तेव्हा कुठे मनोरमाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"एवढं सोपं होतं," उल्हासराव म्हणाले. "तुला खरंच कळलं नाही?"

"नाही ना. सावकाश सांगा. अगदी पहिल्यापासून."