अकरा सेकंदांचा व्हिडिओ

व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. बसचा ड्रायव्हर पाठमोरा, मान हळूहळू छातीवर कलतेय, मागे मुलांचा गलका. खाली एकच ओळ होती : 'ही आपल्या शाळेची तीन नंबरची बस आहे. पालकांनो, जागे व्हा.'

सोमवारी सकाळी तो पालकांच्या ग्रुपवर पडला आणि दुपारपर्यंत शाळेच्या फोनला उसंत मिळाली नाही. मुख्याध्यापकांनी ड्रायव्हरकाकांना बोलावून घेतलं.

"हे तुम्हीच ना?"

काकांनी मोबाइल लांब धरून व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

"सगळे म्हणतायत, तर मीच असेन," ते म्हणाले आणि बसची किल्ली टेबलावर ठेवून मोकळे झाले.

चौकशी होईपर्यंत त्यांना गेटवर बसवलं. तीन नंबरवर बाहेरून तात्पुरता ड्रायव्हर आणला.

भूगोलाच्या बाई तेव्हा कसल्याशा सहीसाठी तिथेच उभ्या होत्या. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवणारा माणूस साधा भांडलासुद्धा नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. पण लागून करणार काय? आठवड्याचे तीस तास, वह्यांचे गठ्ठे, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. त्यात यंदापासून नववीला 'बातमीची पारख' नावाचा नवा विषय आलेला. बुधवारचा शेवटचा तास. दुसरं कुणी तयार होईना, म्हणून तो त्यांच्याच गळ्यात पडला होता. त्या तासाला वर्ग पेंगायचा आणि खरं सांगायचं तर बाईही.

त्या बुधवारी मात्र त्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

"बसचा तो व्हिडिओ कुणी कुणी पुढे पाठवला?"

हात वर यायला लागले. जवळजवळ अख्खा वर्ग.

"पाठवायच्या आधी दुसऱ्यांदा कुणी बघितला?"

हात खाली.

"चला मग. आज बघू."

कॉम्प्युटरच्या खोलीत चौघांत एक मशीन. बाईंनी व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवला. पाचव्या वेळी, एरवी तोंड न उघडणारी चष्मिस बोलली.

"बाई, ह्या बसची पुढची काच अखंड आहे. आपल्या बसच्या काचेला मधे पट्टी आहे."

"नक्की?"

"मी रोज पहिल्या सीटवर बसते. त्या पट्टीपायी मला सिग्नल दिसत नाही."

वर्ग हसला, पण आता पेंगत कुणी नव्हतं. चित्र गोठवून तेच चित्र इंटरनेटवर कसं शोधायचं, हे बाईंनी दाखवलं. त्यांनाही ते आदल्या रात्रीच जमलं होतं. तिसऱ्या खटपटीत सापडलं. तोच व्हिडिओ, चार वर्षांपूर्वीचा, भलत्याच देशातला. तिथे तो लांब होता आणि शेवटी ड्रायव्हरचा चेहरा दिसत होता. पंचविशीतला पोरगा!

"बाई, मग आपल्या ग्रुपवर हा टाकला कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

"अनोळखी नंबर आहे. टाकला आणि लगेच ग्रुपमधून बाहेर पडला."

"शोधायचं?"

"आधी काकांचं काम करू. माणूस उन्हात बसलाय."

मुलांनी एका पानाचा अहवाल केला. दोन्ही काचांचे फोटो शेजारी शेजारी, खाली जुन्या व्हिडिओची तारीख. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला आणि शुक्रवारी ग्रुपवर टाकला. पाच-सहा पालकांनी माफी मागितली. बाकीचे तोवर दुसऱ्या कशावर तरी तापलेले होते.

मुलं धावत गेटवर गेली. काका सावलीत खुर्ची ओढून बसले होते. चार दिवसांत चेहऱ्यावर तजेला आला होता.

"काका, तुम्ही सुटलात! सोमवारपासून बस परत तुमची!"

काका एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "एवढं कशाला केलंत रे, पोरांनो?"

माणसाला भरून आलंय, असं बाईंना वाटलं. किती तरी वर्षांनी त्यांना वाटलं, की आपण शिकवलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडलं. त्या रविवारी त्या दुपारभर गाढ झोपल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई मुद्दाम तीन नंबरपाशी गेल्या. बस भरली होती. काका सीटवर बसून बाटलीतलं पाणी तोंडावर मारत होते.

"काय काका, किटाळ गेलं ना एकदाचं?"

"पोरं हुशार केलीत तुम्ही, बाई."

"तो व्हिडिओ टाकणारा तेवढा सापडायचा राहिला. पोरं हट्टाला पेटलीयेत. शोधतील त्यालाही."

"नका शोधू."

"का बरं? तुमचं नाव खराब केलं त्याने."

काकांनी रुमालाने तोंड पुसलं. मागे बघून आवाज खाली आणला.

"दीड वर्षात तीन अर्ज दिले मी. दुपारच्या फेरीला डोळा लागतो, आवरत नाही, मला गेटवर ठेवा म्हणून. बदली माणूस नाही म्हणाले, अजून एक वर्ष ओढा. गेल्या महिन्यात पुलाच्या कठड्याला बस घासली. पोरांना वाटलं, काका गंमत करतायत. टाळ्या पिटल्या त्यांनी."

बाईंचा हात दाराच्या दांडीवर तसाच राहिला. मागून मुलांनी एका सुरात 'काका, चला ना' सुरू केलं.

किल्लीवर हात ठेवून काका म्हणाले, "अर्ज कुणी वाचत नाही, बाई. म्हटलं, व्हिडिओ तरी बघतील."