नाकाने ओढ, तोंडाने सोड

सुदेशने पंधरा वर्षांची सिगारेट सोडली आणि तिच्या जागी खिशात व्हेप आली, बॅटरीवर चालणारी, पिकल्या आंब्याच्या वासाची. कोपरीच्या घरी गॅलरीत उभं राहून त्याने पहिला झुरका मारला आणि वळून बघतो तर मागे आई.

"हे काय रे?"

"व्हेप आहे, आई."

"वाफ? अरे, मग वाऱ्यात कशाला उभा राहिलास? सर्दी झालीय तर सांगायचं नाही का!"

आईचे कान थकले होते, ते सुदेशच्या पथ्यावरच पडलं. त्याने मान डोलावली, वर दोनदा शिंकूनही दाखवलं. तिथेच फसला.

त्यानंतर त्याचा हात खिशाकडे गेला रे गेला, की आई ओवा घातलेल्या उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन हजर. ऑफिसला निघताना, मॅच बघताना, एकदा तर सासरे समोर बसलेले असताना! डोक्यावर जाड टॉवेल, आत घामाघूम सुदेश आणि बाहेरून आईचा हुकूम, "नाकाने ओढ, तोंडाने सोड!"

महिन्याभरात गडी टेकीला आला. व्हेप त्याने आईपुढे ठेवली. "बस झालं, आई! माझी सर्दी गेली, कायमची गेली. हे मशीन आता तूच वापर."

आईने पातेलं ओट्यावर पालथं घातलं आणि पदराला हात पुसले.

"मला कशाला रे व्हेप? मी आपली वाफच घेते."