दुसरी केबल

रोसारिओ शहरातल्या आपल्या घरात एवारिस्तोने फायलींच्या सर्व्हरला दुसरी केबल जोडून दोन्ही एकत्र चालतील अशी जोडी बांधली, तरी त्याच्या संगणकावर होणाऱ्या कॉपीचा वेग तसूभर वाढेना. संध्याकाळी लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा होता, आणि सर्व्हरवरची तिच्या लहानपणीची चित्रणं पाहुण्यांना दाखवायची होती. त्याने चौथ्यांदा सर्व्हर बंद करून सुरू केला; कॉपी चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू झाली. "हात लावला नसतास तर एव्हाना उरकलं असतं," येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा पेला पुढे करत बायको म्हणाली. "दोन केबल आहेत, मग वेग दुप्पट नको?" तो करवादला. "रस्ते दोन बांधलेस रे, पण चालणारा तू एकटाच." तिने आपला लॅपटॉप जोडला. "अर्धं मी उतरवते. पासवर्ड सांग." नऊ वर्षांत त्याने तो कुणालाच सांगितला नव्हता. नाइलाजाने पुटपुटला. "एवढासाच पासवर्ड?" ती म्हणाली, आणि दोन्ही पडद्यांवर आकडे भराभर धावू लागले.