सासूबाईंची भिंत

"मधलं दार लाल?" सासूबाईंनी विचारलं. "घराचं आहे की आगीच्या बंबाचं?"

रंगारी हसला. सून हसली नाही. "लालच," ती म्हणाली, "आणि कडी पांढरी."

घर ते केवढं, दोन खोल्यांचं. त्यात महिनाभर सुतार, रंगारी आणि सिमेंटच्या गोण्या ठाण मांडून होत्या. सासूबाईंचा पलंग गेला आणि भिंतीत मिटणारा आला. दुपारी पाठ टेकायची तर आधी भिंत उघडा. उघडणारी दारं आता सरकायला लागली. कोपरे गोल झाले. ओटा काळा कुळकुळीत, त्याच्या कडेला पिवळीधमक पट्टी. दिव्याच्या प्रत्येक बटणाभोवती तसलाच पिवळा चौकोन. आणि बैठकीपासून थेट न्हाणीघरापर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडा.

दांडा पाहिला आणि सासूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. त्यांना म्हातारी, आंधळी, परस्वाधीन ठरवून टाकलं होतं, तेही न विचारता. आज दांडा, उद्या चाकाची खुर्ची, परवा वृद्धाश्रम.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," त्यांनी मुलाला सुनावलं. "सुईत दोरा अजून मी ओवते. तुझ्या बायकोनं तर शिवणच सोडलंय."

मुलानं मान खाली घातली. "आई, तिला हवं तसं होऊ दे ना."

बायकोपुढे याचं काही चालत नाही, हे त्यांना ठाऊकच होतं.

सून मुळात वाईट नव्हती, पण अलीकडे बिघडली होती. शेजारीण जिन्यात समोरून आली तरी ओळख द्यायची नाही. डब्यावरचं लेबल सासूबाईंपुढे धरायची. "आई, वाचता का, माझे हात ओले आहेत." हात बघावेत तर कोरडे. आपले डोळे तपासतेय, सासूबाईंनी ओळखलं. आणि एखादी वस्तू जरा हलवली की लगेच, "आई, जिथलं तिथं." आपल्याच घरात शाळकरी पोरीसारखं वागायचं म्हणजे हद्द झाली. या चार भिंतींत त्यांचा जीव गुदमरायला लागला होता.

एका भिंतीसाठी मात्र त्या अडून बसल्या. बैठकीतली, खिडकीशेजारची. "हिला हात लावायचा नाही. अशीच फिकट राहू दे."

"निळी करू या ना," सून अजिजीनं म्हणाली. "तुमची शाल आणि ही भिंत एकाच रंगाची. पुढे उभ्या राहिलात तर दिसत नाही तुम्ही."

"नाहीतरी कुणाला दिसते मी या घरात?"

सुनेनं त्या भिंतीवरून एकदा हात फिरवला. भिंत तशीच राहिली.

काम संपलं त्या दुपारी सासूबाईंनी पिशवी भरली. लेकीकडे जायचं. तिथं निदान आपल्याला धडधाकट समजतात. पण निघण्याआधी चार शब्द सुनावायचे होते. म्हणून त्यांनी आपलं स्टूल मुद्दाम वाटेत ओढलं आणि शाल लपेटून आपल्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ती येईल, स्टूल बघेल, 'जिथलं तिथं' म्हणेल, आणि मग बघू.

लाल दार सरकलं. सून आली. खोलीभर दुपारचा उजेड होता. ती सरळ स्टुलाच्या दिशेनं चालत आली आणि तिचा गुडघा त्यावर आदळला.

ती ओरडली नाही. ओठ घट्ट मिटून खाली वाकली, दोन्ही हातांनी चाचपून स्टूल उचललं आणि दांड्याला कोपर घासत नेऊन जागेवर ठेवलं.

सासूबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. ठरवलेले शब्द अगदी तोंडाशी आले होते.

सून वळली. तिनं थेट त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गुडघा चोळला आणि सुटकेचा श्वास सोडत पुटपुटली,

"बरं झालं, आई झोपल्यात."