चार नंबरचं कारंजं

वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमचा पाइप गळायचा आणि पाणी खालच्या हॉटेलात, बरोब्बर चार नंबरच्या टेबलाशेजारी ठिबकायचं. मालकाने वैतागून खाली एक पितळी भांडं ठेवलं आणि ते बरं दिसावं म्हणून त्यात चार फुलं सोडली. गिऱ्हाइकांना वाटलं, कारंजं आहे. लोकांना काय, कशाचंही कौतुक! टपटप ऐकत जेवायला चार नंबरसाठी रांग लागायला लागली.

मग एके दिवशी काकूंनी प्लंबर बोलावला. ऐन जेवणाच्या वेळी ठिबकणं थांबलं आणि चार नंबरवरचं अख्खं कुटुंब ताटं अर्धी टाकून उठलं.

मालक धापा टाकत जिना चढला. प्लंबर पाने-पकडी पिशवीत भरत होता.

“दादा, पाया पडतो तुमच्या, ते पुन्हा गळतं करा! काकूंना जेवणाचा डबा फुकट पाठवतो.”

“दोन्ही वेळचा पाठवणार असाल, तर माझी काही हरकत नाही,” काकू म्हणाल्या.

प्लंबर मात्र भडकला. “वीस वर्षं या धंद्यात आहे मी! मुद्दाम पाइप गळवायला मी काय असातसा प्लंबर वाटलो तुम्हाला?”

मालक मटकन स्टुलावर बसला. त्याचा पडलेला चेहरा बघून प्लंबरला दया आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला,



“अहो, एवढं मनाला नका लावून घेऊ. दुरुस्ती मी केलीय. आठ दिवसांत आपोआप गळलं नाही, तर नाव बदलीन!”