मुलीच्या तोंडचं वाक्य

माणिकरावांच्या त्या पत्राला आश्रुबा गुरुजींनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आज ते कोटाच्या आतल्या खिशात होतं. परभणीच्या स्टेशनवर झडती झाली, तेव्हा निजामाच्या शिपायानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि कंटाळून परत दिलं. आता गुरुजी पूर्णेला, खंडोबाच्या देवळामागच्या खोलीत, थोरल्या बहिणीसमोर बसले होते. 

माणिकराव जालन्याला मिशनच्या एका शाळेत शिकवत. हिब्रू शिकून त्यांनी यहुद्यांच्या जुन्या शास्त्रावर मराठीत भाष्य लिहायला घेतलं होतं. लिहून झालेली पानं ते टपालानं पाठवत. गुरुजी त्यातली भाषा सुधारून परत धाडत. हिब्रूचं एक अक्षर गुरुजींना येत नव्हतं, आणि प्रत्येक पत्रात ते त्याबद्दल माफी मागत.

मग एका पानासोबत प्रश्न आला. शास्त्रात एका सेनापतीची गोष्ट होती. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिल्यांदा सामोरं येईल ते देवाला वाहीन, असा त्यानं नवस केला. सामोरी आली त्याची एकुलती एक मुलगी. बापानं शब्द दिलाय तर तो पाळावा, असं तीच म्हणाली. माणिकरावांनी लिहिलं होतं : 'जुने भाष्यकार या उत्तरासाठी मुलीला धन्य म्हणतात. नवे अभ्यासक विचारतात, की हे शब्द खरंच तिचे, की गोष्ट लिहून ठेवणाऱ्यानं मागाहून तिच्या तोंडी घातले? तुमच्याकडे नवसानं मुली खंडोबाला सोडतात. अशा वेळी मुलगी काही बोलते का? चौकशी करून कळवावं.'

गुरुजींची बहीण सारजाबाई मुरळी आहे, हे माणिकरावांना ठाऊक नव्हतं. गुरुजी सहा वर्षांचे असताना तापानं हातचे जाऊ लागले, आणि बापानं नवस केला : देवा, पोरगा वाचव, पोरगी तुला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. 'बा, द्या मला, माझा भाऊ जगू द्या,' असं ती आपल्या तोंडानं म्हणाली, असं सांगत. सगळ्या भावकीला हे वाक्य पाठ होतं. गुरुजींनी माणिकरावांची पुढची पानं सुधारून पाठवली, त्याच्या पुढचीही पाठवली. त्या प्रश्नाबद्दल एक ओळ लिहिली नाही.

गेल्या आठवड्यात कार्ड आलं. पुस्तक छापायला चाललं होतं. आपल्याकडून काही कळलं नाही, तेव्हा मुलीनं राजीखुशीनं मान्य केलं हा जुनाच अर्थ ठेवतो, असं माणिकरावांनी लिहिलं होतं.

सारजाबाईंनी गुळाचा चहा पुढं केला. जागरणात गाऊन गाऊन त्यांचा आवाज फुटला होता. "वाट चुकलास व्हय रे, आश्रू?" त्या म्हणाल्या. "मास्तर माणूस, आन् बहिणीला एक चिठ्ठी लिव्हायला हात उठंना."

गुरुजींनी मान खाली घालूनच विचारलं. "आक्का, बानं तुला देवाला सोडलं, तवा तू काय म्हणलीस?"

सारजाबाई हसल्या. "म्या? मला कोण इचारतंय. तू तापानं फणफणला व्हतास. म्हून तुझ्या कपाळावर ठिवाया गार पाणी आणाया म्या हिरीवर गेल्ते. आले तर दारात हळद कालवून ठिवलेली. म्या म्हणलं, लगीन कुणाचं हाय?"

चहा निवत चालला. सारजाबाई मग शेजारच्या धुरपताबाईचं सांगू लागल्या. तिनं गेल्या चंपाषष्ठीला नात देवाला सोडली. पोरीची आई पाय धरत होती, चार लोकही नको म्हणत होते. धुरपताबाईनं सगळ्यांना गप्प केलं : सारजा तर आपल्या तोंडानं 'द्या' म्हणली होती, ही का रडायलीय? सारजाबाई तिथंच उभ्या होत्या. मी असं कधी म्हणालेच नाही, असं त्यांनी ओरडून सांगितलं. तुला काय ध्यान हाय म्हातारे, सगळ्या मुलखाला ठावं हाय, असं धुरपताबाई वर म्हणाली.

"बानंच सांगितलं आसंल लोकाला," सारजाबाई म्हणाल्या. "जाऊ दे. मेलेल्या माणसाला काय बोलायचं."

गुरुजी उठले. पाया पडताना त्यांचा हात बहिणीच्या पायांवर जरा जास्त वेळ राहिला.

परतीच्या गाडीला दोन तास होते. स्टेशनच्या बाकावर बसून गुरुजींनी लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर हिब्रू येत नसल्याची माफी मागून झाली, तो फाडला. दुसऱ्यावर सगळं बापाविषयी आलं, तोही फाडला. तिसरा पाकिटात घालून त्यांनी तिकीट चिकटवलं. टपालपेटीपाशी गेले, हात मागं घेतला, आणि मग पाकीट आत सोडलं. त्यात एवढंच होतं :

'मुलगी काही बोलत नाही. तिला कुणी विचारत नाही. शास्त्रातलं वाक्य कुणी लिहिलं हे मला सांगता येणार नाही. माझी बहीण मुरळी आहे; तिच्या तोंडचं वाक्य मी रचलं. हे माझ्या नावानिशी छापावं. माझ्या सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडच्यांनी बहिणीविषयी विचारलं, तेव्हा मला ते सुचलं. वडील शेजारीच बसले होते. ऐकून ते रडले, आणि मरेपर्यंत त्यांनी तेच खरं मानलं.'